नॅशव्हिलच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये इजिप्त कुठून आला?

प्रश्न असा आहे: "नोकरीसाठी नॅशव्हिलला राहायला आलोय. डाऊनटाउनमध्ये जॉन लुइस वे (२०२१ पूर्वीचा फिफ्थ ॲव्हेन्यू) आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक जुनं प्रेस्बिटेरियन चर्च आहे. दर्शनी भागावर पंख असलेली तबकडी, इजिप्तच्या देवळातल्यासारखे खांब, आत तर भिंतीच्या भिंती रंगवलेल्या. ऑफिसातले लोक म्हणतात, फ्रीमेसनांचं काम आहे. खरं काय? ख्रिस्ती मंडळीला हे चाललं कसं? आणि आत गेलो तर नेमकं काय बघावं?"

फ्रीमेसन या गुप्त विधींच्या बंधुसंघटनेची गोष्ट आधी निकालात काढू. अमेरिकेत कुठेही इजिप्तचा खांब किंवा ओबेलिस्क, म्हणजे निमुळता चौकोनी दगडी स्तंभ, दिसला की कोणीतरी ती सांगतंच. या इमारतीची हकिगत त्याहून साधी आहे आणि मला विचाराल तर जास्त रंजकही. एका मंडळीचं चर्च जळालं. त्या वेळी देशातला एक नावाजलेला वास्तुविशारद वेगळ्याच कामासाठी त्या गावात मुक्कामाला होता. आणि प्रार्थनास्थळासाठी इजिप्त त्याने त्याआधीही एकदा वापरला होता. एवढं जुळून आलं की पुरतं, त्याला गुप्त संघटना लागत नाही.

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनात काम करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आमच्या कामात एक सवय लागते: प्रार्थनास्थळ बघताना आधी नकाशा बघायचा, मग सजावट. माणसं कुठून आत येतात, कुठे बसतात, त्यांचं तोंड कुणीकडे असतं, आवाज कुठून येतो. हे कळलं की धर्म कळतो. सजावटीवरून फार तर फॅशन कळते. नॅशव्हिलच्या या चर्चवर ही सवय फार चांगली लागू पडते, कारण इथे नकाशा आणि सजावट एकमेकांशी चक्क भांडतात, आणि ते भांडण मिटवण्याची जी युक्ती काढली आहे तीच या इमारतीची खरी कमाल आहे. तिथवर येऊच.

मंडळी १८१४ ची. गिडियन ब्लॅकबर्न हे पहिले पाळक. पहिलं चर्च १८१६ मध्ये उभं राहिलं, १८३२ मध्ये जळालं. लगेच दुसरं बांधलं. जेम्स पोक हे पुढे अमेरिकेचे अकरावे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी १८३९ मध्ये टेनेसीचे गव्हर्नर म्हणून सूत्रं घेतली ती या दुसऱ्या इमारतीत. सरकारी समारंभ चर्चमध्ये कसा, याचं आश्चर्य वाटायला नको. चार माणसं एका छपराखाली बसवता येतील अशी मोठी जागा त्या काळच्या गावात बहुतेक वेळा चर्चचीच असे. पाळक होते जॉन टॉड एडगर. अँड्र्यू जॅक्सन १८३८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर, चर्चचे सभासद झाले ते यांच्या हातून. १८४५ मध्ये जॅक्सन यांच्या दफनाच्या वेळचा उपदेशही एडगर यांनीच केला. सांगायचा मुद्दा, ही गावातली वजनदार मंडळी होती. पैसा होता, ओळखी होत्या. सप्टेंबर १८४८ मध्ये दुसरं चर्चही आगीत गेलं, तेव्हा तिसरं बांधताना हात आखडता घ्यायचं कारण नव्हतं.

आता वास्तुविशारद. विल्यम स्ट्रिकलंड, जन्म १७८८. बेंजामिन लॅट्रोब यांच्या हाताखाली शिकलेला, फिलाडेल्फियात नाव कमावलेला. तिथली सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची इमारत त्याची. पार्थेनॉनवरून बेतलेली ही बँक १८२४ मध्ये पूर्ण झाली आणि पुढची काही दशकं अमेरिकेत बँक म्हणजे ग्रीक देऊळ असं समीकरण बसवण्यात तिचा मोठा वाटा आहे. पुढे मंदीमुळे फिलाडेल्फियातली कामं आटली. १८४५ मध्ये टेनेसी राज्याने विधानभवनाचं, म्हणजे कॅपिटॉलचं काम दिलं आणि तो नॅशव्हिलला आला. कॅपिटॉलही ग्रीक वळणाचं. म्हणजे १८४८ मध्ये चर्च जळालं तेव्हा स्ट्रिकलंड हाकेच्या अंतरावर टेकडीवर दगड चढवत होता. मंडळीने त्यालाच गाठलं. १८४९ मध्ये कोनशिला बसली आणि २० एप्रिल १८५१ ला, ईस्टरच्या रविवारी, चर्चचं समर्पण झालं.

तो ग्रीक वळणाचा माणूस, मग इथे इजिप्त का? फिलाडेल्फियात मिक्वे इस्राएल या ज्यू मंडळीचं सिनेगॉग त्याने बांधलं होतं, १८२५ मध्ये पूर्ण झालेलं, आणि त्यात इजिप्शियन धाटणी वापरली होती. ती इमारत आज उरलेली नाही. पण वीसेक वर्षांनी तोच विचार त्याने मोठ्या प्रमाणावर पुन्हा बाहेर काढला, असं म्हणायला हरकत नाही.

ही धाटणी आली कुठून, तेही थोडक्यात. नेपोलियनची इजिप्तवरची मोहीम १७९८ ते १८०१. लष्करी दृष्टीने ती फसली, पण सोबत नेलेल्या विद्वानांनी आणि चित्रकारांनी तिथल्या देवळांची मोजमापं घेतली, रेखाटनं केली, आणि १८०९ पासून त्यांचे भव्य ग्रंथ छापून यायला लागले. १८२२ मध्ये शाँपोलियनने चित्रलिपी उलगडली. युरोप-अमेरिकेतल्या वास्तुविशारदांना एकदम एक तयार खजिना मिळाला. कार्नाक, फिले, एडफूची देवळं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ग्रंथांतली छापील चित्रं समोर ठेवून खांब काढता येऊ लागले.

अमेरिकेत या धाटणीचा उपयोग मुख्यतः तीन ठिकाणी झाला: स्मशानं, तुरुंग आणि स्मारकं. बॉस्टनजवळच्या माउंट ऑबर्न स्मशानाचं दार, न्यू हेवनच्या ग्रोव्ह स्ट्रीट स्मशानाचं दार, न्यूयॉर्कचा 'द टूम्ब्स' नावानेच ओळखला गेलेला तुरुंग. मृत्यू, शाश्वतता, दरारा हे सूचित करायचं असेल तर इजिप्त. रिचमंडच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८४५ मध्ये इजिप्शियन इमारत बांधली, त्यामागे वैद्यकाचा उगम इजिप्तमध्ये ही कल्पना. पण चर्चसाठी ही धाटणी फार क्वचित. न्यूयॉर्क राज्यात सॅग हार्बरचं व्हेलर्स चर्च, १८४४ चं, मिनार्ड लफीव्हर याचं, आणि गंमत म्हणजे तेही प्रेस्बिटेरियनच. कनेक्टिकटमध्ये एसेक्सचं बाप्टिस्ट चर्च, १८४६ चं. मोजकीच नावं आहेत. त्यांत नॅशव्हिलचं सगळ्यांत ठसठशीत. सॅग हार्बरचा उंच मनोरा १९३८ च्या चक्रीवादळात कोसळला, त्यामुळे तिथे तुम्हाला अर्धीच इमारत दिसते.

तुमचा दुसरा प्रश्न: हे चाललं कसं?

प्रेस्बिटेरियन परंपरा म्हणजे कॅल्विन आणि जॉन नॉक्स या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांच्या वाटेची. कारभार वडीलमंडळाच्या हातात, बिशप नाही. मूर्ती नाहीत, संतांची चित्रं नाहीत, उपासनेच्या केंद्रस्थानी वेदी नसून वचन आणि त्यावरचा उपदेश. असं चर्च म्हणजे मुळात ऐकण्याची खोली. मुंबईत याचा नमुना बघायचा असेल तर फोर्टमध्ये लायन गेटजवळचं सेंट अँड्र्यूज, जुनं स्कॉट्स कर्क. १८१९ चं. बाहेर खांबांचा दर्शनी भाग आणि निमुळता मनोरा, आत मोकळं, उजेडाचं, साधं सभागृह. तिथून चालत सेंट थॉमस कॅथेड्रलला गेलात तर फरक पायाखाली कळतो: एकात लांबलचक वाट वेदीकडे नेते, दुसऱ्यात सगळी बाकं व्यासपीठाकडे बघत बसतात.

आता अशा साधेपणाच्या भोक्त्या मंडळीने सूर्याची तबकडी दारावर का चढवू दिली? त्यांच्या बैठकांत काय बोलणं झालं असेल यावर मी कल्पना लढवणार नाही, पण कारणं उघड आहेत. एक तर इजिप्शियन धाटणीत ख्रिस्ती संत नाहीत. गॉथिक धाटणी घेतली की तिच्यासोबत मध्ययुगीन कॅथलिक आठवणी येतात. त्या काळात प्रोटेस्टंट लोकांना ते खुपत असे. इजिप्तची चिन्हं मात्र इतकी जुनी आणि इतकी मेलेली होती, की त्यांची पूजा कोणी करेल ही भीतीच नव्हती. दुसरं, बायबलवर वाढलेल्या माणसाला इजिप्त परका नव्हता. योसेफ तिथला, मोशे तिथला, बाळ येशूला घेऊन मरिया आणि योसेफ पळाले तेही तिकडेच. शलमोनाच्या मंदिरापुढे याखीन आणि बवाज हे दोन स्तंभ होते, आणि ते मंदिर दिसायला कसं असेल याचा अंदाज बांधताना एकोणिसाव्या शतकातले लोक इजिप्तकडेच बघत. तिसरं, पंखांच्या तबकडीला बायबलचा आधार लावता येतो: मलाखीच्या पुस्तकात न्यायीपणाचा सूर्य उगवेल आणि त्याच्या पंखांत आरोग्य असेल असं वचन आहे. ज्याला पटवून घ्यायचं होतं त्याला पटवून घेता आलं असतं.

मुंबईकरांना हे फार विचित्र वाटायचं कारण नाही. फोर्टमधल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दारात मानवी तोंडाचे, पंख असलेले असिरियन बैल उभे आहेत. १७३३ च्या अग्यारीची १८९१ मध्ये पुनर्बांधणी झाली. प्राचीन साम्राज्याचं शिल्प उचलून आपल्या आजच्या प्रार्थनास्थळाला वय आणि वजन द्यायचं, ही ओढ त्या शतकात जगभर होती. फरक इतकाच की पारशांचा प्राचीन इराणशी वारसा सांगण्याला अर्थ होता. नॅशव्हिलच्या स्कॉटिश-आयरिश वंशाच्या शेतमालकांचा प्राचीन इजिप्तच्या थीब्ज शहराशी कसलाच संबंध नव्हता.

एक संबंध होता, आणि तो अस्वस्थ करणारा आहे. १८५१ चं नॅशव्हिल गुलामगिरीवर चालणारं शहर होतं. टेकडीवरच्या स्ट्रिकलंडच्या कॅपिटॉलसाठी दगड काढण्याच्या कामात कैदी आणि गुलाम माणसं राबली, याची नोंद आहे. आणि गुलाम ख्रिस्ती माणसांच्या गाण्यांत इजिप्त म्हणजे काय, तर दास्याचा देश. फारो म्हणजे मालक. मोशे म्हणजे सुटका. १८७१ मध्ये याच शहरातल्या फिस्क विद्यापीठाचे ज्युबिली सिंगर्स ती गाणी घेऊन जगापुढे गेले. म्हणजे एकाच गावात, एकच बायबल वाचणारे काही लोक इजिप्तमधून बाहेर पडायची गाणी म्हणत होते आणि काही लोक हौसेने पैसे खर्चून इजिप्तच्या दारातून उपासनेला आत जात होते. स्थापत्याच्या लेखांत याचा उल्लेख मला अपेक्षेपेक्षा कमी आढळला आहे. मला तो टाळता येत नाही.

आता इमारतीकडे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहा; जवळून ती कळत नाही.

विटांची इमारत. दोन चौकोनी मनोरे, शंभर फुटांच्या आसपास उंच, आणि त्यांच्यामध्ये दर्शनी खांब. खांबांचे माथे फुगीर, पाना-कळ्यांच्या आकाराचे. वरच्या पट्टीवर पंख पसरलेली सूर्यतबकडी. भिंतीच्या माथ्याला आतून बाहेर वळत जाणारी खोलगट कड. इजिप्शियन धाटणी ओळखायची तर खांबांपेक्षा ही कड भरवशाची खूण आहे, कारण ती नाईलकाठच्या जवळजवळ प्रत्येक देवळाला असते. हे सगळं खरं इजिप्शियन शब्दभांडार. पण मनोरे? इजिप्तच्या देवळांना घंटेचे मनोरे नव्हते. तिथे दारापाशी दोन रुंद, खाली फाकलेले, भिंतीसारखे बुरूज असतात. स्ट्रिकलंडने युरोपीय चर्चचे जोडमनोरे घेतले आणि त्यांना इजिप्तची वस्त्रं चढवली. अंगकाठी प्रेस्बिटेरियनच राहिली.

आत हीच गोष्ट आणखी तीव्र होते, आणि इथे ते भांडण येतं जे मी सुरुवातीला म्हणालो.

इजिप्तचं देऊळ कसं चालतं ते आठवा. बाहेर उजेडाचं अंगण. मग खांबांचं दाट जंगल: कार्नाकच्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत, मधल्या ओळींतले सुमारे २१ मीटर उंच. मग छत खाली येत जातं, जमीन वर चढत जाते, अंधार वाढतो, आणि शेवटी गाभारा, जिथे ठरावीक पुरोहितच जाणार. सामान्य माणसाला बाहेर ठेवण्यासाठी घडवलेला हा नकाशा आहे. शिवाय दगडी तुळई लांब जात नाही, म्हणून खांब जवळजवळ. असा मंडप उपदेशासाठी निरुपयोगी. निम्म्या लोकांना पाळक दिसणार नाही, उरलेल्यांना ऐकू येणार नाही.

प्रेस्बिटेरियन मंडळीला नेमकं उलट हवं: मोकळं सभागृह, मध्ये आडवा येणारा खांब नको, सगळ्यांना व्यासपीठ दिसलं पाहिजे. त्यासाठी छत वरच्या लाकडी कैच्यांवर पेलायचं. हे अमेरिकन सुतारकाम झालं, त्यात इजिप्त कुठेच नाही.

मग खांब कुठे गेले? भिंतीवर, रंगात. व्यासपीठामागच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा लांब आत जाताना रंगवल्या आहेत, अशा बेतानं की बाकावरून बघणाऱ्याला भिंतीपलीकडे आणखी एक मंडप असल्याचा भास व्हावा. खरा खांब दृष्टी अडवतो. रंगवलेला खांब दृष्टीला आत नेतो. नकाशा प्रेस्बिटेरियन ठेवून कार्नाकची खोली मिळवली, एक बाकही न हलवता. ही युक्ती ज्याला सुचली त्याला मी मानतो. तुम्ही गेलात तर आधी मागच्या बाकावर मधोमध बसा, तिथून भास नीट जमतो. मग एका कडेला जाऊन बघा. रेषा तिरक्या पडायला लागतात आणि भिंत पुन्हा भिंत होते.

पण एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण गप्पांत सगळंच श्रेय स्ट्रिकलंडला दिलं जातं. तो १८५४ मध्ये वारला. आज दिसणारी आतली रंगसजावट १८८१-८२ ची, आणि इजिप्शियन धाटणीच्या रंगीत काचांच्या खिडक्या त्याच दशकाच्या अखेरच्या. म्हणजे कवच त्याचं, आतला झगमगाट तीस वर्षांनंतरच्या पिढीचा. तारखा बघा म्हणजे त्या पिढीलाही इजिप्तच का सुचला ते कळेल: १८६९ ला सुएझ कालवा उघडला, १८७८ ला लंडनमध्ये ओबेलिस्क उभा राहिला, जानेवारी १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दुसरा. वर्तमानपत्रं इजिप्तने भरलेली होती. पहिल्या पिढीचा इजिप्त ग्रंथांतल्या रेघांमधून आलेला, गंभीर, दगडी. दुसऱ्या पिढीचा लाल, निळा, हिरवा, पिवळा, हौशी. दोन्ही एकाच खोलीत नांदतात आणि आश्चर्य म्हणजे एकमेकांना मारक ठरत नाहीत.

या दोन थरांच्या मध्ये एक युद्ध झालं, अमेरिकेचं यादवी युद्ध. फेब्रुवारी १८६२ मध्ये नॅशव्हिल उत्तरेच्या फौजांच्या हाती पडलं; दक्षिणेच्या बंडखोर राज्यांपैकी पडलेली ही पहिली राजधानी. शहर रुग्णालयांनी भरलं. हे चर्च लष्कराने ताब्यात घेतलं, त्याला आठ क्रमांकाच्या रुग्णालयात धरलं आणि दोनशेहून अधिक खाटा टाकल्या. मोकळं, विनाखांबांचं सभागृह खाटा लावायला उत्तमच. स्टोन्स रिव्हरची लढाई आणि पुढे १८६४ च्या डिसेंबरात खुद्द नॅशव्हिलची लढाई, जखमींचा ओघ थांबत नव्हता. युद्धानंतर केंद्र सरकारने नुकसानीपोटी ७,५०० डॉलर दिले.

याच काळात प्रेस्बिटेरियन चर्चही उत्तर-दक्षिण असं फुटलं होतं, १८६१ मध्ये. नॅशव्हिलची मंडळी दक्षिणेच्या शाखेत. आपल्याकडे कोल्हापूर-मिरजेत काम केलेलं, ज्याचं वानलेस हॉस्पिटल मिरजेत सगळ्यांना ठाऊक आहे, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन उत्तरेच्या शाखेचं. दोन्ही शाखा पुन्हा एक झाल्या त्या थेट १९८३ मध्ये.

१८६७ मध्ये ॲडेलिशिया ॲक्लेन या बाईंनी चर्चला घंटा दिली, वजन चार हजार पौंडांहून जास्त, म्हणजे अठराशे किलोच्या पुढे. या बाईंचं चरित्र स्वतंत्र विषय आहे. बेलमॉंट हवेलीच्या मालकीण, लुइझियानातल्या कापसाच्या मळ्यांच्या आणि तिथल्या शेकडो गुलाम माणसांच्या मालकीण, आणि युद्ध चालू असताना दोन्ही सैन्यांशी बोलणी करून आपला कापूस इंग्लंडला पोचवून दाखवणाऱ्या. घंटेकडे वळायचं तर, बरीच वर्षं शहरात आग लागली की हीच वाजत असे. ज्या मंडळीची दोन चर्चं आगीत गेली होती, तिच्या मनोऱ्यात शहराची आगीची घंटा!

विसाव्या शतकातला निर्णायक क्षण १९५५ च्या सुमाराचा. मध्यमवर्ग डाऊनटाउन सोडून उपनगरांत चालला होता, मोटारी लावायला जागा नव्हती. फर्स्ट प्रेस्बिटेरियन मंडळीने शहराबाहेर दक्षिणेला, फ्रँकलिन रोडवर जायचं ठरवलं. काही सभासदांनी नकार दिला. ते मागे राहिले, इमारत त्यांनी घेतली आणि 'डाऊनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च' अशी नवी मंडळी स्थापली. चर्चचं आजचं नाव तेव्हाचं आहे. अमेरिकेतल्या कित्येक डाऊनटाउन चर्चचं त्या दोन दशकांत पार्किंग झालं. हे वाचलं ते या मूठभर हट्टी लोकांमुळे. १९७० मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत नाव आलं, १९९३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. हे शिक्के महत्त्वाचे आहेतच, पण शिक्का मिळेपर्यंत छप्पर कोणीतरी दुरुस्त करत राहावं लागतं.

संवर्धनाच्या बाजूने अशा आतल्या रंगकामाचा शत्रू कोण, तर पाणी. थेट गळती दिसते तरी. त्रास देतं ते भिंतीत मुरलेलं पाणी. विटेतले क्षार घेऊन ते गिलाव्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं, सुकतं, लोणा धरतो आणि रंगाचे पोपडे निघतात. त्या काळच्या भिंतीवरच्या रंगात अनेकदा सरसासारखा पाण्यात विरघळणारा बंध असतो. ओल्या फडक्याने पुसलं तरी चित्र हातात येतं. त्यात नॅशव्हिलचा दमट उन्हाळा. आठवड्यातून एकदाच गरम किंवा थंड केलेली खोली भिंतींना अजिबात मानवत नाही. दमटपणा सतत वरखाली होतो. दुसरा धोका चांगल्या हेतूचा असतो: फिकं दिसतंय म्हणून वरून ताजा रंग. एकदा वरून तैलरंग बसला की खालचा थर श्वास घेत नाही आणि दोन्ही मिळून सुटतात. रंगीत काचांबाबत बाहेरून दुसरी संरक्षक काच बसवतात, पण तिला हवा जायला फट ठेवली नाही तर मधली हवा तापते आणि शिशाच्या पट्ट्या वाकतात, काच फुगते. कुठल्याही जुन्या चर्चमध्ये तिरकं उभं राहून खिडकीकडे बघा. पोट सुटलेलं दिसलं तर समजा.

तुम्ही गेलात तर हे बघा. दार-खिडक्यांच्या चौकटी वर निमुळत्या होत जातात का ते, कारण इजिप्शियन भिंत नेहमी आत कललेली असते आणि साध्या विटांच्या खोलीत तो कल चौकटींतून दाखवावा लागतो. खोटे खांब आणि खरे खांब यांची सावली वेगळी कशी पडते ते. रंगवलेल्या खांबावरचा उजेड कायम एकाच बाजूने असतो, खिडकीतला उजेड फिरतो. व्यासपीठ केंद्रस्थानी कसं आहे ते. रविवारी सकाळच्या उपासनेला जाणं सर्वांत उत्तम, कारण ही खोली भरलेली आणि आवाज घुमत असतानाच कळते. कोणी तुमचा धर्म विचारणार नाही. फोटो उपासना संपल्यावर काढा.

इमारत नुसती जपून ठेवलेली नाही, वापरात आहे. बेघर लोकांसाठी जेवण, वरच्या खोल्यांत चित्रकारांचे स्टुडिओ. बेघर विक्रेते विकतात ते 'द कॉन्ट्रिब्युटर' हे रस्त्यावरचं वर्तमानपत्र २००७ मध्ये सुरू झालं, त्याचं कार्यालयही इथे होतं. आणि दारातून बाहेर पडलात की जो रस्ता लागतो, तेव्हाचा फिफ्थ ॲव्हेन्यू, त्याच रस्त्यावर क्रेस, वूलवर्थ, मॅकलेलन या दुकानांच्या जेवणाच्या काउंटरवर फेब्रुवारी १९६० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी येऊन बसले. डायान नॅश, जॉन लुइस त्यांतले. १० मे ला काउंटर सगळ्यांसाठी खुले झाले. वर मी इजिप्त आणि मोशेबद्दल जे लिहिलं, ते या रस्त्यावर उभं राहून आठवलं तर जास्त समजेल.

तिथून टेकडीवर कॅपिटॉलला चालत जा, दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. स्ट्रिकलंड स्वतः तिथेच पुरलेला आहे, इमारतीच्या उत्तरेकडच्या भिंतीत; कॅपिटॉल १८५९ मध्ये पूर्ण झालं ते त्याच्या मागे. आवारातच पोक दांपत्याची समाधी आहे. पोक १८४९ च्या जूनमध्ये पटकीने गेले, म्हणजे चर्चची कोनशिला बसली त्याच वर्षी, आणि त्यांच्या समाधीचा आराखडाही स्ट्रिकलंडचाच. ती पूर्ण ग्रीक आहे. चर्च बघून लगेच ती बघितलीत तर एकच हात दोन भाषा किती सहज बोलत होता ते दिसेल. म्हणून याच क्रमाने जा.